व्हिएन्नाचं प्राटर बघायचंय? मग मागून शिरा

प्राटर म्हणजे व्हिएन्नातलं मोठं उद्यान, त्याच्या एका टोकाला राईड्सचा भाग. तिथे जाणारे बहुतेक जण प्राटरस्टर्न स्टेशनला उतरतात, समोरच तो मोठा पाळणा दिसतो, फोटो काढतात, एक फेरी मारतात आणि निघतात. तसं करू नका. तिथूनच यू-टू मेट्रो घ्या, तीन स्टेशनं पुढे श्टाडियोनला उतरा आणि चालत हाउप्टआलीवर या. साधारण 4.4 किलोमीटरचा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं आणि गाड्यांना बंदी. पूर्वी प्राटर ही राजघराण्याची शिकारीची जागा, 1766 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने सगळ्यांसाठी खुली केली. ह्याच रस्त्यावर केनियाचा धावपटू किपचोगे 2019 मध्ये मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत पळाला, त्यामुळे पळणारे भरपूर भेटतील, त्यांना साईड द्या.

आता पाळण्याच्या दिशेने निवांत चालत यायचं. पूर्ण नाही, साधारण निम्माच रस्ता चालावा लागतो. लहान मुलं असतील तर वाटेत यसुइटेनवीझे नावाचं मोठं मैदान आहे, तिथे फुकटात इतकं खेळायला आहे की राईड्सचा हट्ट जरा तरी कमी होतो (होईलच अशी गॅरंटी नाही).

राईड्सच्या भागात एंट्री फ्री आहे पण प्रत्येक राईडचे पैसे वेगळे, म्हणून किती राईड्स करायच्या ते आधीच ठरवा नाहीतर खिसा कधी रिकामा झाला कळणार नाही. थोडी कॅशही ठेवा.

पाळणा मात्र चुकवू नका. 1897 चा आहे, उंची जवळपास 65 मीटर. बसायला खुर्ची नाही तर रेल्वेच्या डब्यासारखी बंद लाकडी केबिन, आत उभं राहून ह्या खिडकीतून त्या खिडकीकडे फिरता येतं. केबिन इतक्या लांब लांब का असं वाटेल, तर आधी 30 होत्या, 1944 मध्ये युद्धात सगळं जळालं आणि परत उभारताना 15 च लावल्या. फिरतो अगदी हळू, लोक चढवायला मधेमधे थांबतो, त्यामुळे आजीआजोबांनाही चालतो. थरार पाहिजे असेल तर 117 मीटरचा प्राटरटुर्म आहे, साखळ्यांचा झोपाळा, पण तो जेवायच्या आधी करा. व्हेज लोकांनी नंतर लांगोश खावा, लसूण लावलेली तळलेली मोठी पोळी, एक दोघांत पुरते.

बाकी बहुतेक राईड्स साधारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच असतात, पाळणा वर्षभर. हिवाळ्यात जात असाल तर पाळणा आणि हाउप्टआली एवढाच प्लॅन ठेवा.