प्रपोर्शनल फेअर शेड्युलर लिहिताय? या चुका टाळा

फोंडा-मडगाव भागातली पोरं फायनल इयर प्रोजेक्टचा कोड माझ्याकडे पाठवतात आणि दरवर्षी त्याच त्याच चुका बघून खरंच वैताग येतो. मोबाईल टॉवरनं दर क्षणी कोणत्या युजरला डेटा पाठवायचा ते हा शेड्युलर ठरवतो. फॉर्म्युला केवढासा, युजरला आत्ता मिळू शकणारा रेट भागिले त्याला आतापर्यंत मिळालेल्या रेटचं ॲव्हरेज, ज्याचा आकडा मोठा त्याला हा टीटीआय, म्हणजे वेळेचा एक तुकडा. एलटीईत (४जी नेटवर्कमध्ये) टीटीआय म्हणजे १ मिलिसेकंद. सोपं वाटतं म्हणून कोणी नीट वाचतच नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ज्याला टर्न मिळाला फक्त त्याचंच ॲव्हरेज अपडेट करणं. एका मुलानं सिम्युलेशनमध्ये फोंड्याच्या टॉवरपासून बोरीच्या पुलाकडे जाणारी बस घेतली होती, बाकीचे युजर टॉवरजवळच बसलेले. बस थोडी लांब गेली की तिचा थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळालेला डेटाचा वेग) शून्य, आणि मग शून्यच. यानं पाथ लॉस (अंतरानं सिग्नल किती कमी होतो ते) बदलला, अँटेनाची उंची बदलली, सगळं करून झालं. मी म्हटलं, बाबा, आधी बसचं ॲव्हरेज प्रिंट कर. बघतो तर प्रत्येक ओळीत तोच आकडा! टॉवरजवळ असताना चढलेलं ॲव्हरेज तसंच गोठलेलं, रेट मात्र पडलेला, मग भागाकार कसा वाढणार? टर्न नाही म्हणून अपडेट नाही, अपडेट नाही म्हणून टर्न नाही. ज्याला टर्न मिळाला नाही त्याचा त्या टीटीआयचा रेट शून्य धरून ॲव्हरेज खाली यायलाच हवं, तेव्हाच तो कधीतरी परत वर येतो. अपडेटची ओळ इफच्या बाहेर काढली, बस चालू झाली. मी तर कोणाचाही कोड आला की आधी एकाच युजरचा लॉग काढतो आणि पहिल्या काही ओळी वहीत हातानं करून बघतो, ग्राफ नंतर.

दुसरं म्हणजे जैन इंडेक्सचं वेड, म्हणजे युजरमध्ये वाटणी किती सारखी झाली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे सगळ्यांना सारखं. १९८४ पासूनचं चांगलं माप आहे, पण ते १ च्या जवळ आलं म्हणजे शेड्युलर चांगला असं नाही. टॉवरजवळच्याला एकट्याला १० एमबीपीएस मिळतात, लांबच्याला १, असं धरा. दोघांना सारखाच थ्रूपुट द्यायचा तर लांबच्यालाच बहुतेक वेळ द्यावा लागतो, दोघांना ०.९१ च्या आसपास, टोटल जेमतेम १.८, आणि इंडेक्स बरोब्बर १. वेळ अर्धा-अर्धा वाटला तर ५ आणि ०.५, टोटल ५.५, इंडेक्स ०.६. आता सांगा, लांबच्याचं थोडं कमी झालं म्हणून जवळच्याचे चार एमबीपीएस घालवायचे? इंडेक्स, टोटल आणि सगळ्यात कमी मिळालेल्याचा आकडा, तिन्ही शेजारी-शेजारी लिहा, नुसता इंडेक्स असलेला रिपोर्ट मी वाचत नाही.

सुरुवातीचं ॲव्हरेज शून्य ठेवू नका, भागाकार फुटतो, छोटा आकडा द्या.

ज्याची क्यू (पाठवायच्या पॅकेटची रांग) रिकामी आहे त्याला यादीतूनच काढा, नाहीतर पाठवायला काही नसलेला युजर टीटीआय खाऊन बसतो.

व्हॉइस कॉल साध्या प्रपोर्शनल फेअरवर सोडू नका, त्याला पॅकेट किती वेळ थांबलंय ते कळतच नाही.

आणि ॲव्हरेज काढायला १००० टीटीआयची विंडो ठेवून २ सेकंदांचं सिम्युलेशन चालवू नका प्लीज. विंडोच १ सेकंदाची झाली, ॲव्हरेज स्थिरावेपर्यंत रन संपतो. सुरुवातीच्या काही विंडो फेकून द्या, मग मोजा, आणि सीड (रँडम आकड्यांची सुरुवात) बदलून परत चालवा. लॅपटॉप रात्रभर चालला तर चालू दे.