एफआरराउटिंगमध्ये सेगमेंट राउटिंगची नवी सोय कशी घडवावी

पणजीहून मडगावला जाणारी बस सहसा आगशी-कुठ्ठाळीमार्गे जुवारीचा पूल ओलांडते. हाच प्रवास फोंड्यावरून, बोरीचा पूल ओलांडूनही करता येतो. नेहमीचे राउटिंग जवळची वाट निवडते आणि प्रत्येक राउटर केवळ आपल्या पुढच्या टप्प्याचा निर्णय घेतो. सेगमेंट राउटिंगमध्ये मात्र पॅकेट निघतानाच त्याच्या माथ्यावर ‘आधी फोंडा, मग मडगाव’ अशी यादी चढवली जाते आणि मधल्या राउटरांना त्या प्रवाहाची वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. या रचनेचे मूळ वर्णन २०१८ च्या आरएफसी ८४०२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे. ती मुक्तस्रोत राउटरमध्ये कशी बसवलेली आहे आणि तिच्यात आपली भर कशी घालावी, हे येथे एफआरराउटिंग या मुक्तस्रोत राउटिंग संचाच्या आधारे मांडले आहे. आज्ञांची व फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत.

एफआरराउटिंग २०१७ साली क्वागा या प्रकल्पातून फुटून निघाले, आणि क्वागाचे मूळ जीएनयू झेब्रामध्ये आहे. मुख्य कोड सी भाषेत असून प्रत्येक प्रोटोकॉलसाठी वेगळा डेमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, आहे: आयएसआयएस, ओएसपीएफ व बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलांचे आयएसआयएसडी, ओएसपीएफडी, बीजीपीडी, स्पष्ट मार्गांची धोरणे सांभाळणारा पाथडी आणि या सर्वांचे निर्णय लिनक्स कर्नलपर्यंत पोहोचवणारा झेब्रा. नव्याने येणाऱ्याने आयएसआयएसडीपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. त्याचे कॉन्फिगरेशन यांग (कॉन्फिगरेशनची रचना सांगणारी भाषा) आराखड्यावर उभे आहे, तर ओएसपीएफ व बीजीपी यांचे बरेचसे कॉन्फिगरेशन अजून जुन्या पद्धतीने, आज्ञेच्या फंक्शनातूनच थेट बदलले जाते. जुनी पद्धत लवकर समजते हे खरे. पण तिच्यात तपासणी आणि अंमल एकमेकांत इतके गुंतलेले असतात की शिकणाऱ्याला चुकीची सवय लागते.

प्रयोगशाळेची तयारी

फर्मागुडीच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा असो की घरातला साधा लॅपटॉप, खरे राउटर लागत नाहीत. लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये, म्हणजे एकाच यंत्रातल्या एकमेकांपासून वेगळ्या नेटवर्क-जागांमध्ये, चार राउटर उभे करावेत आणि त्यांना पणजी, कुठ्ठाळी, फोंडा व मडगाव अशी नावे द्यावीत. पणजी व मडगाव समोरासमोर राहतील आणि कुठ्ठाळी व फोंडा या दोन पर्यायी वाटा होतील, अशी चौकोनी जोडणी करून फोंड्याच्या बाजूचे मेट्रिक (वाटेचा खर्च) वाढवून ठेवावे.

कर्नल ४.५ किंवा त्यानंतरचा असावा. यादीतला प्रत्येक टप्पा एमपीएलएस या तंत्रात ‘लेबल’ नावाच्या संख्येने लिहिला जातो. त्यासाठी एमपीएलएस राउटर आणि एमपीएलएस आयपीटनेल ही दोन मॉड्यूल चढवावीत. त्यानंतर सिसकंट्रोलमधील (कर्नलच्या सेटिंगांमधील) ‘प्लॅटफॉर्म लेबल्स’ ही किंमत वाढवावी, कारण ती मुळात शून्य असते आणि शून्य असेपर्यंत कर्नल एकही लेबल स्वीकारत नाही. शिवाय प्रत्येक इंटरफेसवर एमपीएलएसचे ‘इनपुट’ चालू करावे लागते. यातले काही राहिले तर राउटरच्या तक्त्यात सर्व काही व्यवस्थित दिसते, पण पॅकेट मात्र पुढे सरकत नाही, आणि माणूस कोडमध्ये नसलेला दोष शोधत बसतो.

संकलन करताना विकासकांसाठीचा ‘डेव्ह-बिल्ड’ पर्याय आणि मेमरीतल्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर दोन्ही चालू ठेवावेत. यांग आराखडे वाचणारी लिबयांग ही लायब्ररी आधी बसवलेली असावी लागते.

आधी एक जुना धागा पकडावा

नवी सोय लिहिण्यापूर्वी तिच्यासारखी एखादी जुनी सोय निवडून ती कोणकोणत्या फायलींतून जाते ते पाहावे. यासाठी ‘नोड-एमएसडी’ उत्तम आहे. राउटर एका पॅकेटवर जास्तीत जास्त किती लेबले चढवू शकतो, एवढे सांगणारी ती एकच संख्या आहे. भांडाराच्या मुळाशी जाऊन ‘गिट ग्रेप’ने हे नाव शोधले की यांग आराखडा, कॉलबॅकांची (किंमत बदलली की बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनांची) नोंदवही, कॉलबॅकांचा कोड, आज्ञांची फाइल, दस्तऐवज आणि चाचण्या अशी सर्व ठिकाणे समोर येतात. आपल्या सोयीलाही साधारण तितक्याच ठिकाणी हात लावावा लागणार, हे गृहीत धरावे.

आराखडा, मग कॉलबॅक, आज्ञा शेवटी

बहुतेकांचा हात आधी आज्ञेकडे जातो, कारण तीच डोळ्यांना दिसते. हा क्रम उलटा करावा. प्रथम आयएसआयएसच्या यांग फाइलमध्ये सेगमेंट-राउटिंग या विभागाखाली नवे पान (लीफ, म्हणजे एक किंमत ठेवणारी जागा) जोडावे, त्याचा प्रकार आणि मर्यादा तेथेच सांगाव्यात, आणि पूर्वनिश्चित किंमत असेल तर तीही तेथेच लिहावी. उदाहरणार्थ, लेबलाची संख्या १६ ते १०,४८,५७५ यांच्या दरम्यानच हवी, ही अट आराखड्यात लिहिली की सीमध्ये ती पुन्हा तपासावी लागत नाही.

पान जोडले की त्याचे कॉलबॅक नोंदवावे लागतात. एखादा आवश्यक कॉलबॅक राहिला किंवा नको असलेला दिला गेला, तर डेमन सुरू होतानाच तक्रार करून बंद पडतो. ही कडक शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, पण तिच्यामुळे अर्धवट काम पुढे जात नाही.

कॉलबॅकला चार प्रसंगी बोलावले जाते आणि या चार प्रसंगांतील भेद नीट न पाळणे हा नव्या कोडमधला सर्वांत मोठा दोष असतो. ‘व्हॅलिडेट’च्या वेळी फक्त तपासायचे असते, डेमनच्या स्थितीला बोटही लावायचे नसते, कारण हा बदल पुढे प्रत्यक्षात येईलच असे नाही. ‘प्रिपेअर’मध्ये, अपयशी ठरू शकेल अशी साधनसामग्री मिळवायची असते. कोठेही अडले तर ‘अबॉर्ट’ येतो आणि मिळवलेले परत करायचे असते. ‘अप्लाय’मध्ये प्रत्यक्ष बदल घडवायचा असतो आणि तेथे नकार देण्याची मुभा उरलेली नसते. याचा सरळ अर्थ असा की जो नकार द्यायचा तो आधीच्या दोन टप्प्यांत देऊन टाकावा.

एकापेक्षा अधिक पाने मिळून एक अर्थ होत असेल, तर आणखी काळजी घ्यावी लागते. जागतिक लेबल-पट्टा म्हणजे सर्व राउटरांना अर्थ कळणाऱ्या लेबलांसाठी राखलेल्या संख्या, तर स्थानिक पट्टा एकाच राउटरपुरता. जागतिक लेबल-पट्ट्याची खालची व वरची मर्यादा ही दोन वेगळी पाने आहेत. दोन्ही बदलली जात असताना पहिल्या पानाच्या कॉलबॅकमध्येच नवा पट्टा मागितला, तर नवी खालची मर्यादा आणि जुनी वरची मर्यादा यांचा कोणालाही नको असलेला संकर तयार होतो. अशा वेळी ‘अप्लाय-फिनिश’ हा कॉलबॅक वापरावा, म्हणजे सर्व पाने बदलून झाल्यावर एकदाच काम होते. जागतिक व स्थानिक पट्टे एकमेकांवर चढता कामा नयेत, ही दोन पट्ट्यांमधली अट ‘प्री-व्हॅलिडेट’मध्ये तपासली जाते. साध्या पद्धतीत प्रत्येक आज्ञा हा स्वतंत्र व्यवहार असल्यामुळे आयएसआयएसच्या आज्ञेत दोन्ही पट्टे एकाच ओळीत देण्याची सोय आहे. ते एकाच वेळी सरकवायचे असतील तेव्हा तिचे महत्त्व कळते.

येथे एक आग्रहाचा मुद्दा आहे. किंमत देण्याचा कोड कोणीही लिहितो. काढण्याचा आणि चालू असताना बदलण्याचा कोड हेच खरे काम असते. ‘नो’ लावून आज्ञा दिल्यावर पूर्वनिश्चित किंमत परत येते का, दिलेली लेबले झेब्राला परत जातात का, शेजाऱ्यांना नवी माहिती मिळावी म्हणून एलएसपी (आयएसआयएसचे माहितीपॅकेट) पुन्हा तयार होते का, हे प्रश्न कागदावर लिहून मगच ‘डिस्ट्रॉय’ कॉलबॅकला हात घालावा.

एवढे झाल्यावर आज्ञा लिहिणे किरकोळ उरते. ‘डेफपाय-यांग’ या मॅक्रोने आज्ञेचे व्याकरण सांगावे, आतमध्ये बदल रांगेत लावावा आणि शेवटी सर्व बदल लागू करण्याचे फंक्शन बोलवावे. तपासणीचा एकही ‘इफ’ येथे नसावा. मात्र ‘सीएलआय-शो’ विसरू नये. ते नसेल तर डेमन तक्रार करत नाही, आज्ञाही चालते, पण ती चालू कॉन्फिगरेशनमध्ये दिसत नाही आणि जतनही होत नाही. पुढच्या वेळी राउटर सुरू झाला की सोय नाहीशी झालेली असते. आज्ञांसाठी नवा नोड तयार केला असेल तर त्याची ओळख व्हीटीवायश या कवचालाही करून द्यावी लागते.

एमजीएमटीडी हा कॉन्फिगरेशनचे मध्यवर्ती व्यवस्थापन करणारा डेमन २०२३ पासूनच्या आवृत्त्यांत आहे आणि डेमन टप्प्याटप्प्याने तिकडे नेले जात आहेत. आपला डेमन कोणत्या बाजूला आहे, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

लेबले प्रत्यक्षात कशी बसतात

जागतिक पट्टा मुळात १६००० ते २३९९९ आणि स्थानिक पट्टा १५००० ते १५९९९ असा असतो. निर्देशांक म्हणजे पट्ट्याच्या सुरुवातीत मिळवायची संख्या; मडगावला निर्देशांक ४० दिला की लेबल होते १६०४०. आत येणारे लेबल आपल्या पट्ट्यावरून, तर बाहेर जाणारे लेबल पुढच्या शेजाऱ्याच्या पट्ट्यावरून काढायचे असते. सर्वांचे पट्टे सारखे असलेल्या प्रयोगशाळेत या दोहोंची गल्लत उघडकीस येत नाही, म्हणून एका राउटरचा पट्टा मुद्दाम वेगळा ठेवावा. पट्टा झेब्राच्या लेबल-व्यवस्थापकाकडून मागून घ्यावा लागतो आणि दुसऱ्या प्रोटोकॉलने तो आधीच घेतला असेल तर नकार मिळतो, याची तजवीज कोडमध्ये हवी.

फोंड्याला निर्देशांक ३० देऊन पाथडीमध्ये १६०३०, १६०४० अशी यादी लिहावी आणि मडगाव हे टोक, एक रंग (धोरण ओळखण्याची संख्या) व प्राधान्य देऊन धोरण उभे करावे. यादीतले पहिले लेबल झेब्राच्या लेबल-तक्त्यात नसेल तर धोरण उभेच राहत नाही. ते उभे राहिल्यावर पणजी-फोंडा दुव्यावर पॅकेट पकडून पाहिले तर १६०३० कोठेच दिसणार नाही. यात दोष नाही: फोंडा हा पणजीचा थेट शेजारी आहे, शेवटून दुसऱ्या राउटरनेच लेबल उतरवायचे असा मूळ संकेत आहे, आणि म्हणून झेब्रा ते लेबल चढवतच नाही. ते पाहायचेच असेल तर फोंड्याच्या प्रीफिक्सला (पत्त्याच्या नोंदीला) ‘नो-पीएचपी-फ्लॅग’ लावावा.

लेबलांऐवजी आयपीव्ही६ पत्ते वापरणारा एसआरव्ही६ हा प्रकार याच साच्यात बसतो; तेथे लोकेटरची व्याख्या झेब्रामध्ये होते आणि प्रोटोकॉल त्यातून आपले तुकडे घेतात. त्यासाठी कर्नलमध्ये ‘सेग६-एनेबल्ड’ चालू असावे लागते.

चाचणी

टोपोटेस्ट या एफआरराउटिंगच्या चाचण्या पायथनमधील पायटेस्ट या चौकटीवर चालतात आणि राउटर नेमस्पेसमध्येच उभे करतात, त्यामुळे त्यांना रूट अधिकार लागतात. आयएसआयएसच्या सेगमेंट राउटिंगची तयार चाचणी टप्प्याटप्प्याने कॉन्फिगरेशन बदलते आणि प्रत्येक टप्प्यानंतर मार्गांचा व लेबलांचा तक्ता अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. तिचाच साचा घ्यावा. सोय चालू करणे, किंमत बदलणे, सोय काढणे, पुन्हा देणे असे किमान चार टप्पे असावेत. तक्ता लगेच बदलेल असे धरून चालू नये. ठरावीक कालावधीपर्यंत पुनःपुन्हा विचारणारे फंक्शन चौकटीत आहे, ते वापरावे. ठोकळ ‘स्लीप’ टाकलेली चाचणी आपल्या संगणकावर उत्तीर्ण होते आणि प्रकल्पाच्या गर्दीच्या सर्व्हरवर अधूनमधून नापास होते.

पाठवण्यापूर्वी

कमिटच्या शीर्षकाची सुरुवात डेमनच्या नावाने करावी आणि ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ असावी. यांग व कॉलबॅक, आज्ञा, चाचणी आणि दस्तऐवज हे वेगवेगळ्या कमिटमध्ये ठेवले तर तपासणाऱ्याला सोपे जाते. मांडणी लिनक्स कर्नलच्या शैलीची असते. ती तपासणारे चेकपॅच चालवून घ्यावे. फॅब्रिकडी हा डेमन आयएसआयएसडीच्याच कोडवर उभा आहे, तेव्हा आपल्या बदलाने तो मोडत नाही हेही पाहावे. आज्ञेच्या शब्दांवर मात्र पुन्हा एकदा विचार करावा, कारण एकदा प्रसिद्ध झालेली आज्ञा बदलायची ठरली तर जुनी आज्ञा निदान एक वर्ष चालू ठेवावी लागते.