जुना अंतराळ-सेट पुन्हा उभा करताना: मूठभर तुकडे, एक अंतराळवीर आणि ठाण्याचा पावसाळा

माळ्यावरच्या ट्रंकेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडतो. आत राखाडी प्लेटी, चार चाकं, पांढऱ्या अंगाचा एक छोटा अंतराळवीर. त्याच्या छातीवरचा सोनेरी ग्रह अर्धा पुसलेला, हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी मधोमध तुटलेली. लेगो या प्लॅस्टिक ठोकळ्यांच्या खेळण्याची अंतराळ मालिका १९७८ साली आली आणि तिच्यातले छोटे सेट जेमतेम वीस-पंचवीस तुकड्यांचे असत. परदेशी खेळण्यांच्या आयातीवर तेव्हा निर्बंध होते, त्यामुळे आपल्याकडे ते यायचे ते बहुधा आखातातून परतणाऱ्या काका-मामांच्या बॅगेतून.

मोठ्या सेटमध्ये दोन-चार चुकीचे तुकडे खपून जातात. वीस तुकड्यांच्या बग्गीत, म्हणजे अंतराळवीराच्या छोट्या चारचाकीत, एक प्लेट वेगळ्या राखाडीची असली तरी ती दातात अडकलेल्या कोथिंबिरीसारखी दिसते. म्हणून पुढची सगळी मेहनत मूळ तुकडे ओळखणं, ते स्वच्छ करणं आणि हरवलेल्यांच्या जागी नेमके तेच आणणं यासाठी आहे. सेट नवाकोरा दिसावा हा हेतूच नाही.

आधी मोजदाद, मग पाणी

डबा उपडा करताच धुवायला घेऊ नका. जुन्या चादरीवर सगळं पसरा आणि जे तुकडे अजून एकमेकांत अडकलेले आहेत त्यांचे वरून, खालून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. सूचनापत्रिका हरवली असेल तर लहानपणी शेवटचं काय जोडलं होतं याचा तो एकमेव पुरावा असतो.

मग परके तुकडे वेगळे काढा. मूळ तुकड्याच्या प्रत्येक बटणावर, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यावर, लेगो हे नाव उठावात असतं. ट्यूबलाइटखाली तुकडा तिरका धरला की दिसतं. नक्कल ठोकळ्यांवर ते नसतं किंवा दुसरंच काही असतं. मापाचीही खूण आहे. बटणांमधलं अंतर ८ मिमी, प्लेटची जाडी ३.२ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, म्हणजे तीन प्लेटी मिळून एक ठोकळा. पाच प्लेटी एकावर एक रचा, उंची १६ मिमी भरते, म्हणजे बरोबर दोन बटणांची रुंदी. नक्कल प्लेटींची अशी चळत शेजारी ठेवली की बहुधा केसभर कमी-जास्त निघते, आणि तेवढ्यानंच जोड सैल पडतो.

तुकडा उलटा करून पोटात बघा. बऱ्याच तुकड्यांवर तिथे बारीक आकडा असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम केला की वाचता येतो. २×४ ठोकळा ३००१, २×२ प्लेट ३०२२, १×२ प्लेट ३०२३, पाठीवरच्या ऑक्सिजनच्या टाक्या ३८३८, हेल्मेट ३८४२. हा आकडा आणि रंग वहीत लिहा. पुढे खरेदी करताना ‘तो छोटा चपटा राखाडी’ म्हणून काही मिळत नाही, आकड्यानं मिळतं.

चाळीस वर्षं अडकून बसलेल्या प्लेटी दातांनी सोडवायच्या नाहीत. त्या वयात आपण तेच केलं, आणि कडांवरचे ते दातांचे ठसे आजही आहेत. कोमट साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. मग वरच्या प्लेटीवर एक २×४ ठोकळा आणि खालच्या प्लेटीखाली दुसरा बसवा, दोन्ही पकडून हलकेच विरुद्ध बाजूंना झुकवा. तरफेचं काम होतं. सुरी, स्क्रूड्रायव्हर किंवा नेलकटर घातलं की कड फाटते, आणि ती काही भरून येत नाही.

धुणं

छापाचे तुकडे (अंतराळवीराचं डोकं आणि धड), स्टिकर लागलेले तुकडे आणि पारदर्शक तुकडे तीन वेगळ्या वाट्यांत काढा. बाकीचे एका पातेल्यात घ्या. एक लिटर कोमट पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड अर्धा चमचा, अर्धा तास. पाणी ४० अंशांच्या वर नको. बोट बुडवलं की सुखद वाटेल इतपतच. वॉशिंग मशीन, डिशवॉशर, कुकरची वाफ यांतलं काहीही नको, हे तुकडे ज्याचे असतात त्या एबीएस प्लॅस्टिकचा आकार एकदा बिघडला की जोड धरत नाही.

मऊ टूथब्रशनं बटणांच्या मधून फिरवा. आतल्या नळ्यांत साचलेली माती कापसाच्या ओल्या काडीनं काढा. छापाचे तुकडे फक्त साबणाच्या पाण्यात हलवून काढायचे, ब्रश लावायचा नाही, कारण सोनेरी ग्रह आधीच पातळ झालेला असतो आणि घासला की उरलेलाही जातो. पारदर्शक तुकडे एकेक करून धुवा. ते एकमेकांवर आपटले की धुरकट ओरखडे पडतात.

काळ्या ठिपक्यांची बुरशी असेल तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, दहा मिनिटं. स्टिकरचा जुना चिकट डिंक खोबरेल तेलानं सुटतो. तेल लावून तासभर ठेवा, बोटानं चोळा, मग साबण. बॉलपेननं लिहिलेलं नाव आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसानं निघतं. पण तळाशी ‘६ वी ब’ असं लिहिलेलं असेल तर ते काढायची एवढी घाई कशाला? नेलपॉलिश रिमूव्हर मात्र घरात आहे म्हणून वापराल तर पस्तावाल. त्यातलं अॅसिटोन एबीएसला सरळ विरघळवतं.

घोडबंदर रोडच्या टँकरवाल्या सोसायट्यांत आणि बोअरवेलचं पाणी येतं तिथे शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्या. जड पाणी वाळलं की गडद निळ्या आणि काळ्या तुकड्यांवर पांढरी झाक राहते आणि लोक ती प्लॅस्टिक खराब झालं असं समजतात.

वाळवताना बटणं वर, पोकळ बाजू खाली. सुती टॉवेलवर झटकून ठेवा, पंखा लावा. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभरात काम होतं. जुलैत पूर्ण चोवीस तास धरा आणि मधे एकदा प्रत्येक तुकडा उलटून झटका, कारण नळीतला थेंब बाहेरून दिसत नाही आणि डबा बंद केल्यावर बुरशी तिथूनच सुरू होते. हेअर ड्रायर नको.

पिवळेपणा: काढायचा की ठेवायचा

पांढरे आणि राखाडी तुकडे पिवळे पडतात, निळे मळकट हिरवट दिसू लागतात. एबीएसमधल्या ब्युटाडाइन रबराचं उन्हातल्या अतिनील किरणांनी ऑक्सिडेशन होतं, त्याचा हा रंग. साबणानं तो जात नाही, कारण तो मळ नाहीच.

हायड्रोजन पेरॉक्साइडनं जातो. मेडिकलमध्ये ६ टक्के, म्हणजे २० व्हॉल्यूमची बाटली मिळते. वीसेक छोट्या तुकड्यांना ४०० ते ५०० मिली पुरतं. काचेची रुंद तोंडाची बरणी घ्या (ती पुन्हा लोणच्याला वापरायची नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा). हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. बोटाला लागलं की कातडी पांढरी पडते आणि चांगलीच चुरचुरते. छापाचे, स्टिकरचे, पारदर्शक तुकडे, टायर आणि धातूचं काहीही यात घालायचं नाही. झाकण घट्ट लावू नका. आत ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद बरणी फुटू शकते.

बरणी उघड्या उन्हात ठेवा, गच्चीत किंवा जाळीच्या बाल्कनीत. सरकत्या काचेआड ठेवलीत तर तासन्‌तास जातात, कारण जे किरण हवेत तेच काच बरेचसे अडवते. वर ऊन अडणार नाही अशी जाळी टाका, ठाण्याच्या कावळ्यांना चमकणारं पाणी फार आवडतं. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात चार ते सहा तास पुरतात. पावसाळ्यात या भानगडीत पडू नका, ढगाळ दिवसाच्या अर्धवट कामात डाग पडतात.

डाग पडण्याचं खरं कारण बुडबुडे. पोकळ तुकड्याखाली वायू साचतो, तुकडा तरंगतो, वरची बाजू द्रवाबाहेर राहते आणि अर्धा पांढरा, अर्धा पिवळा असा तुकडा हाती येतो. म्हणून वर काचेची छोटी वाटी दाबून ठेवा आणि दर तासाला लाकडी चमच्यानं ढवळा. पार्लरचं घट्ट क्रीम-पेरॉक्साइड मोठ्या सपाट वस्तूंना चालतं, बटणांच्या तुकड्यावर हमखास पट्टे उठवतं. आणि दर तासाला एक तुकडा काढून धुऊन बघा. जास्त वेळ राहिला तर पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज होतो, निळा फिका पडतो. ते मात्र परत फिरवता येत नाही. काम झालं की वापरलेला द्रव बादलीभर पाण्यात मिसळून मोरीत सोडा.

हा उजळपणा कायमचा नाही. तुकडे पुन्हा हळूहळू पिवळे होतात आणि दर खेपेला प्लॅस्टिकची थोडी ताकद जाते. आमचं मत विचाराल तर संपूर्ण सेट सारख्याच प्रमाणात पिवळा असेल तर त्याला हात लावू नका. बग्गीची एक बाजू खिडकीकडे होती म्हणून तीच पिवळी पडली, अशा वेळीच पेरॉक्साइड वापरा.

हरवलेले आणि तुटलेले

सेटची तुकड्यांची यादी ब्रिकलिंक या लेगोचे सुटे तुकडे विकणाऱ्या वेबसाइटवर सेटच्या क्रमांकानं सापडते. खरेदीत सगळ्यात मोठी चूक राखाडी रंगाची होते. २००४च्या सुमारास लेगोनं राखाडी बदलला. जुना उबदार, किंचित पिवळसर आहे, नवा निळसर. यादीत जुना ‘लाइट ग्रे’ आणि नवा ‘लाइट ब्लुइश ग्रे’ म्हणून असतो. १९७९च्या बग्गीला नवा घेतलात तर पैसे फुकट. अंतराळवीरांचंही तसंच. पांढरा आणि लाल सुरुवातीपासूनचे, पिवळा १९७९पासून, निळा आणि काळा १९८४चे. १९७९च्या सेटमध्ये निळा दिसला तर तो शेजारच्या मुलाच्या डब्यातून आलेला आहे.

जुन्या हेल्मेटची हनुवटीची पट्टी बारीक असे, ती तिथेच तुटते. नंतरच्या साच्यांत ती जाड केली. फेव्हिक्विकनं चिकटवू नका. त्याच्या वाफेनं भोवती पांढरा थर बसतो आणि पुढच्या वेळी डोक्यावर चढवताना जोड पुन्हा उघडतो. तुटकं हेल्मेट तसंच ठेवा किंवा दुसरं आणा. एखाद-दुसऱ्या तुकड्यासाठी परदेशातून मागवलंत तर कुरियर आणि सीमाशुल्क तुकड्याच्या किमतीपेक्षा कितीतरी वर जातं. म्हणून दोन-तीन जणांनी मिळून एकाच विक्रेत्याकडे यादी द्या. अंतराळवीराचं धड घेताना बगलेखाली आणि खालच्या कडेला केसासारखी चीर नाही ना, याचा जवळून फोटो मागा.

यादीच जुळत नसेल तर

अर्धा सेट गेलाच असेल तर त्याच घाटाची बग्गी सतरा तुकड्यांत होते. एक २×६ प्लेट (३७९५), चाकं बसवायच्या दांड्या असलेल्या दोन २×२ प्लेटी, चार चाकं टायरसकट, सुकाणूचा एक स्टँड (३८२९), एक १×२ प्लेट, एक अँटेना (३९५७), लाल आणि हिरवा असे दोन पारदर्शक गोल दिवे (४०७३), आणि अंतराळवीराचे पाच भाग: डोकं, धड, पाय, हेल्मेट, टाक्या.

चाकांच्या प्लेटी लांब प्लेटीच्या दोन टोकांना खालून लावा. वर पहिल्या ओळीत १×२ प्लेट आणि तिच्या एका बटणावर अँटेना. दुसऱ्या ओळीत सुकाणू, तोंड मागे. तिसरी ओळ रिकामी सोडा, तिथे पावलं येतात. चौथ्या-पाचव्या ओळीच्या बटणांवर अंतराळवीर बसवा, सहाव्यावर दोन दिवे. अँटेना मागे लावायचा मोह होतो, पण मग ती पाठीवरच्या टाक्यांना अडते आणि माणूस पुढे कलंडतो. टाक्या डोकं काढून मानेतून घालायच्या, आधी टाक्या, मग डोकं, मग हेल्मेट. उलट क्रमानं गेलात तर हेल्मेट ओढताना पट्टीवर जोर येतो.

ठेवायचं कुठे

वाशी-नेरूळच्या खाडीकडच्या फ्लॅटमध्ये काय किंवा नौपाड्याच्या जुन्या चाळीत काय, शत्रू तेच: दमट हवा आणि पश्चिमेचं ऊन. शोकेस खिडकीसमोर नको. डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलची १० ग्रॅमची एक पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघा. रबरबँड बांधू नका, ते वितळून चिकटतात. डांबरगोळ्या तर त्या ट्रंकेत मुळीच नकोत, त्यांची वाफ या जातीच्या प्लॅस्टिकला मऊ करते. जेवणाच्या टेबलावरच्या पारदर्शक मऊ पीव्हीसी कव्हरवर बग्गी महिनोन्‌महिने उभी ठेवलीत तर तेही प्लॅस्टिकला चिकटतं आणि खुणा पाडतं. खाली साधा कागद घाला. हेल्मेट काढून अंतराळवीराच्या शेजारी ठेवा, डोक्यावर ताणलेलं राहिलं की पट्टीला चीर जायला वेळ लागत नाही.