नवीन प्रेशर व्हेसल (आत दाब धरून ठेवणारी बंद टाकी) आणि सील टेस्ट करताय? आधी पाणी भरा

पहिली टेस्ट हवेने करायची नाही म्हणजे नाही, पाण्यानेच करा, कारण पाणी जवळपास दाबलंच जात नाही, त्यामुळे काही फुटलं तरी प्रेशर लगेच खाली येतं, हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी सगळी ताकद एका क्षणात सोडते. भरताना वरचा व्हेंट उघडा ठेवा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. मग हँडपंपाने प्रेशर टप्प्याटप्प्याने वाढवा, समोर उभं न राहता. एएसएमई कोडच्या (अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर संघटनेचे नियम) सेक्शन ८, डिव्हिजन १ मध्ये टेस्ट प्रेशर डिझाइन प्रेशरच्या किमान १.३ पट धरतात. गेज हळूहळू उतरलं की लगेच सीलला दोष देऊ नका, पाणी थंड झालं तरी काटा खाली येतो, म्हणून तापमानही लिहून ठेवा.

खरी माहिती मिळते ती उघडल्यावर. ओ-रिंग (सीलची गोल रबरी रिंग) बोटांत फिरवून बघा: एका बाजूची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसली तर रबर दोन भागांमधल्या फटीत घुसतंय, फट कमी करा नाहीतर मागे आधाराला टेफ्लॉनची बॅकअप रिंग टाका. चपटी होऊन तशीच राहिली तर मटेरियल किंवा तापमान चुकलंय. स्थिर (न हलणाऱ्या) सीलमध्ये ओ-रिंग तिच्या जाडीच्या साधारण १५ ते ३० टक्के दाबली गेली की पुरतं. आणि प्लीज, एका वेळी एकच गोष्ट बदला, ओ-रिंगची खाचही आणि रबरही एकदम बदललं की कशाने फरक पडला ते कळतच नाही.