विसर्ग, अपूर्णविराम आणि हसरा चेहरा

तीस वर्षं मुद्रितं तपासली आणि माझी फजिती झाली ती एका विसर्गापायी. भाचीने लेख वाचायला पाठवला होता. मी उत्तर दिलं, 'दुसरा परिच्छेद गाळावा लागेल (अंशत:)'. लॅपटॉपवर विसर्ग शोधायचा कंटाळा, म्हणून अपूर्णविराम, म्हणजे इंग्रजीतला कोलन, ठोकला. त्याला लागून कंस मिटला आणि संगणकाने दोघांचं मिळून हसरं तोंड करून टाकलं. तिचा लगेच फोन. "मावशी, हसण्याइतकं वाईट लिहिलंय का गं मी?"

तेव्हा आधी हे लक्षात घ्या: हसऱ्या चेहऱ्याचे डोळे म्हणजे अपूर्णविराम, विसर्ग नव्हे. दिसतात सारखे, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं. विसर्गापुढे कंस दिला तर काहीच होत नाही. आणि नुसताच विसर्ग टाकलात तर बहुधा शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. चिकटायला अक्षर शोधत असतो बिचारा.

मुद्दाम हसरा चेहरा काढायचा तर कृती सोपी आहे. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी कीबोर्डवर या. अपूर्णविराम, आडवी रेघ, कंस. मध्ये जागा नको. :-) झालं. मान डावीकडे कलवून बघा. 1982 साली 19 सप्टेंबरला स्कॉट फालमन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने हे सुचवलं, कारण त्यांच्या विद्यापीठात संगणकावरच्या गप्पांत थट्टा कुठली नि खरं कुठलं हेच लोकांना कळेना. उलटा कंस दिला की तोंड पडतं :-( तेही त्याचंच. रंगीत चेहरे हवे असतील तर विंडोज 10 किंवा 11 वर विंडोजची कळ धरून पूर्णविराम दाबा, अख्खा डबा उघडतो.

चिन्ह ज्या वाक्याचं, त्याच्याच शेपटाला लावा. 'उशीर केलास तर पोळ्या मी संपवीन :-) येताना दूध आण.' हेच चिन्ह मी एकदा दुधानंतर टाकलं होतं. भाची हात हलवत आली.

कंसातच हसायचं असेल तर एक जागा सोडून कंस वेगळा मिटा (असा :-) ). एकाच कंसात दोन्ही कामं उरकलेली माझ्या डोळ्यांना खुपतात.

राहिला विसर्ग. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून शून्याच्या उजवीकडची कळ दाबा. 'दुःख' तसंच लिहा. 'दु:ख' असं अपूर्णविरामाने लिहिलेलं मी परवा एका हस्तलिखितात अकरा ठिकाणी सुधारलं.