परदेशी जायच्या आधी कॅमेऱ्यांचा पसारा कसा आवरायचा

ठाण्याच्या घरी माझ्याकडे रोलवर चालणारे सतरा जुने कॅमेरे होते, जर्मनीला येताना चार आणले. नंतर मावसभावाचा आणि तीन मित्रांचा असाच पसारा बसून आवरून दिलाय. आणि प्रत्येक घरी तेच बघितलं, माणूस आधी भाव बघायला बसतो. निकॉन एफएम२ कितीला जातोय, यशिका इलेक्ट्रो ३५ कितीला. अहो पण तो भाव चालू आणि स्वच्छ कॅमेऱ्याचा असतो, आपल्या कपाटातला तसा आहे का हे कुणी बघितलेलंच नसतं.

निदान तीन महिने आधी सुरू करा. सगळं टेबलावर काढा, जुने सेल काढून टाका. मागचं झाकण उघडायच्या आधी रिवाइंडचा, म्हणजे रोल परत गुंडाळायचा नॉब हलक्या हाताने फिरवून बघा, ताण लागला तर आत रोल आहे. मावसभावाच्या पेंटॅक्स के१०००मधे काकांनी घातलेला रोल तसाच होता, ब्लॅक अँड व्हाइट होता म्हणून डेव्हलप केल्यावर आठ फोटो हाती लागले.

आता खरं काम, लेन्समधली बुरशी. पहिल्या वेळी मी इथेच फसलो. १३५ एमएमची एक लेन्स समोरून चकचकीत दिसत होती म्हणून 'एकदम क्लीन' लिहून नाशिकला विकली, चार दिवसांत परत आली. घेणाऱ्याने टॉर्च मारून फोटो पाठवला होता, आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. मी समोरच्या काचेच्या पुढे काही बघितलंच नव्हतं. पैसे परत केले, माफी मागितली, आणि तेव्हापासून टॉर्च मारल्याशिवाय मी कुठल्याच लेन्सचा भाव सांगत नाही.

बघायचं कसं: रात्री खोलीतला दिवा बंद करा, लेन्स बॉडीवरून म्हणजे कॅमेऱ्यावरून काढा, ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा. सरळ धरलात तर फक्त डोळे दिपतील, दिसणार काही नाही. लेन्स हळूहळू फिरवत समोरून बघा, मग उलटी करून परत. सुटे ठिपके म्हणजे धूळ, प्रत्येक जुन्या लेन्समधे असते, तिने फोटोत काही फरक पडत नाही. फांद्या फुटल्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखं धुकं असेल तर बहुतेक वेळा आतल्या ग्रीसची वाफ बसलेली असते, ते साफ होऊ शकतं. बुरशीने मात्र काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही डाग राहतो.

यावर जे घरगुती उपाय सांगितले जातात त्यांचा मला मनापासून राग आहे. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. उन्हात ठेवून बुरशी मेली तरी धागे तिथेच राहतात, आणि टूथपेस्टने काच घासायला सांगणाऱ्याचं तर काहीच ऐकू नका. लेन्स महागाची असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, नसेल तर धाग्यांचा स्पष्ट फोटो काढून जाहिरातीत पहिला लावा आणि अर्धी किंमत सांगा, असं विकलेलं माझ्याकडे एकदाही परत आलेलं नाही. आणि ती मूळची चामड्याची केस, जिच्यात कॅमेरा 'जपून' ठेवलेला असतो, तीच आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून ठेवते. कॅमेरा तिच्यातून आजच बाहेर काढा.

बॉडी तपासणं सोपं आहे: झाकण उघडून एक सेकंदापासून शटरचे सगळे स्पीड मारून बघा. इलेक्ट्रो ३५ असेल तर रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढल्यावर 'टक' आवाज आला पाहिजे, नाही आला तर आतलं रबर गेलंय.

ठेवायचे कुठले? गेल्या वर्षभरात ज्यात रोल घातला ते, आणि एक घरातल्या आठवणीचा. माझ्याकडे तो बाबांचा अग्फा क्लिक थ्री आहे, बडोद्यात बनलेला, बाजारात फार पैसे येत नाहीत पण आमचे लहानपणीचे सगळे फोटो त्यातले, तो विकायचा प्रश्नच नव्हता.

बाकीचे एकेक करून विका, लॉट करू नका, लॉटचा भाव त्यातल्या सगळ्यात वाईट कॅमेऱ्यावर ठरतो. मुंबईला फोर्टात बोरा बाजारात एक चक्कर मारून दोन-तीन दुकानांत विचारा म्हणजे अंदाज येतो. ऑनलाइन विकताना कुणी पैसे पाठवायला क्यूआर पाठवून 'स्कॅन करून पिन टाका' म्हणाला तर तिथेच बोलणं थांबवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत, टोकांना टेप लावून. फिल्म पण हातातच ठेवा आणि एक्स-रे न करता हाताने तपासायची विनंती करा. महाग बॉडी पुढे भारतात परत आणायची असेल तर निघतानाच एअरपोर्टवर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, सिरियल नंबर आधीच कागदावर लिहून न्या, आणि हे सगळं बॅगा चेक-इन करायच्या आधी उरका.