डेड लेटर क्यूतले मेसेज हलवणारं कमांड-लाइन टूल कसं लिहावं

रात्री एखादी सर्व्हिस पडते, कन्झ्युमर (मेसेज घेऊन काम करणारा प्रोग्रॅम) एकेक मेसेज नाकारत जातो आणि सकाळी बघावं तर डेड लेटर क्यूत (नाकारलेले मेसेज जिथे जातात त्या रांगेत) ढीग साचलेला. बग सापडतो, दुरुस्त होतो. आता ते मेसेज मूळ क्यूत परत न्यायचे, पण सगळे नाही, फक्त रिफंडचे. इथे वेब पॅनेल कामाला येत नाही. मग कोणीतरी घाईत स्क्रिप्ट लिहितं आणि पुढची चार वर्षं टीम तीच वापरते. त्यापेक्षा टूल पहिल्यापासून नीट बांधलेलं बरं. उदाहरणाला रॅबिटएमक्यू हा ब्रोकर (मेसेज साठवून पुढे पोहोचवणारा सर्व्हर) घेतोय, आणि टूलला नाव देऊ ‘रांग’.

पायरी १: कामं मोजकीच ठेवा

चार पुरतात: ‘पहा’, ‘उतरवा’ (फाइलमध्ये), ‘हलवा’ आणि ‘रिकामी’. क्यू बनवणं, युजर, परवानग्या यांत पडू नका. त्यासाठी रॅबिटएमक्यूची स्वतःची टूल्स, रॅबिटएमक्यूअ‍ॅडमिन आणि रॅबिटएमक्यूसीटीएल, आहेतच.

पायरी २: ‘पहा’ला निरुपद्रवी समजू नका

जेएमएस या जावाच्या मेसेजिंग एपीआयमध्ये मेसेजला हात न लावता क्यू चाळता येते. रॅबिटएमक्यू जो एएमक्यूपी ०-९-१ प्रोटोकॉल बोलतो, त्यात ती सोय नाही. मेसेज काढून घ्यायचा, बघायचा आणि परत ठेवायचा. परत ठेवलेल्या मेसेजवर ‘रीडिलिव्हर्ड’ची खूण उमटते. शिवाय आवृत्ती ४.० पासून क्वोरम क्यूत (अनेक नोडवर प्रती ठेवणाऱ्या क्यूत) अयशस्वी डिलिव्हरींची मर्यादा २० धरलेली असते. तुमचं बघणंही त्यात मोजलं जाऊ शकतं.

नवखा माणूस इथे हमखास फसतो. एक मेसेज घेतला, छापला, परत ठेवला, पुढचा मागितला, तर क्लासिक, म्हणजे साध्या क्यूत बहुतेक वेळा तोच मेसेज पुन्हा हातात येतो, कारण तो आपल्या जुन्या जागी जाऊन बसलेला असतो. म्हणून हवे तेवढे मेसेज अ‍ॅक न करता (‘काम झालं’ अशी पोच न देता) हातात धरा, छापा आणि शेवटी एकदम सोडा. धरलेले असताना ते दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत, तेव्हा संख्या न सांगितल्यास दहावर थांबा.

पायरी ३: ‘हलवा’मधला क्रम

आधी नव्या क्यूत पब्लिश, मग ब्रोकरच्या कन्फर्मची (मेसेज स्वीकारल्याच्या पोचेची) वाट, आणि तो आल्यावरच जुन्या क्यूतला मेसेज अ‍ॅक. मध्येच टूल मेलं तर काही मेसेज दोनदा जातील, पण हरवणार एकही नाही. दुप्पट मेसेज पचवणं हे कन्झ्युमरचं काम. हरवलेला मेसेज मात्र कोणीच परत आणू शकत नाही.

एवढं करूनही मी एकदा तोंडघशी पडलोय. क्यूच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. डीफॉल्ट एक्स्चेंज (मेसेज कुठल्या क्यूत टाकायचा ते ठरवणारा ब्रोकरचा भाग) राउटिंग की, म्हणजे मेसेजवरचा पत्ता, हेच क्यूचं नाव समजतं. त्या नावाची क्यू नसेल तर मेसेज गुपचूप टाकून देतं आणि वर कन्फर्मही पाठवतं! टूलने इमानदारीत अ‍ॅक केलं, स्क्रीनवर सगळं यशस्वी, आणि मेसेज हवेत. उपाय एका ओळीचा आहे: पब्लिश करताना ‘मँडेटरी’ चालू ठेवा. मग पत्ता न लागलेला मेसेज कन्फर्मच्या आधी तुमच्याकडे परत येतो. तो परत आला की अ‍ॅक करायचं नाही, तिथेच थांबायचं.

पायरी ४: कुठे थांबायचं ते आधी ठरवा

बग अजून जिवंत असेल तर हलवलेला मेसेज कन्झ्युमर पुन्हा नाकारतो आणि तो डेड लेटर क्यूत परततो. ‘क्यू रिकामी होईपर्यंत’ असं लूप लिहिलं असेल तर टूल आणि कन्झ्युमर रात्रभर एकमेकांकडे चेंडू टोलवत बसतील. सुरुवातीला क्यूतले मेसेज मोजा आणि तेवढेच हाताळून थांबा. प्रीफेच (अ‍ॅक न करता एका वेळी हातात येणाऱ्या मेसेजची मर्यादा) ५० वगैरे ठेवा. ते दिलंच नाही तर ब्रोकर सगळी क्यू तुमच्या अंगावर ओततो.

निवडीसाठी एक्स-डेथ हेडर सोन्यासारखं आहे: मेसेज कुठल्या क्यूतून आला, का आला (नाकारला की मुदत संपली), किती वेळा, केव्हा. मेसेजचा मजकूर उलगडण्याआधी त्यावर चाळणी लावा. हलवताना हेडर, मेसेज आयडी आणि मजकुराचे बाइट जसेच्या तसे न्या. जेसन वाचून पुन्हा लिहिण्याचा मोह टाळा, मोठे आकडे त्यातच बिघडतात.

पायरी ५: आउटपुट

डेटा स्टँडर्ड आउटपुटवर, गप्पा स्टँडर्ड एररवर. एका ओळीत एक जेसन, मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे ग्रेपला आणि जेक्यूला (मजकूर आणि जेसन चाळणाऱ्या टूल्सना) जोडता येतं. सगळं जमलं तर एक्झिट कोड ०, अर्धवट राहिलं तर १, कमांडच चुकली तर २.

पायरी ६: ‘रिकामी’ला कुलूप

‘हो/नाही’ विचारून उपयोग नाही, बोट आपोआप ‘हो’वर जातं. क्यूचं पूर्ण नाव टाइप करायला लावा. आणि हे मेसेज उचलण्याआधी विचारा. उचलून मग विचारलंत आणि माणूस चहाला गेला, तर मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटांत अ‍ॅक न आल्यामुळे ब्रोकर चॅनल बंद करतो. पर्ज (क्यू रिकामी करण्याची ब्रोकरची आज्ञा) फक्त वाट बघणारे मेसेज पुसतो. कन्झ्युमरच्या हातातले राहतात आणि तो पडला की क्यूत परत येतात. हे टूलने स्क्रीनवर सांगावं, नाहीतर ‘रिकामी केली तरी भरतेय’ अशी तक्रार तुमच्याकडेच येईल. पासवर्ड फ्लॅगमधून घेऊ नका, तो पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) आणि शेलच्या हिस्टरीत दिसतो.

पायरी ७: मारून बघा

डॉकरमध्ये ब्रोकर चालवा, कन्झ्युमर जोडू नका. एका क्यूत १,००० मेसेज भरा, ‘हलवा’ सुरू करा आणि मध्येच किल -९ द्या. मग दोन्ही क्यूंची बेरीज करा. १,०१७ आली तर चालेल. ९९९ आली तर पायरी ३ वर परत जा.